गडावरचं पाणी, पंधरा दिवसांनंतरचं पोट

रविवारी ट्रेक होतो, सोमवारी फोटो टाकले जातात आणि पोट बिघडतं ते पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या बुधवारी. तोवर टाक्यातून भरून घेतलेली ती बाटली कुणाच्या लक्षातही नसते. दोष जातो आदल्या रात्रीच्या पाणीपुरीला, नाहीतर ऑफिसच्या कँटीनला. रानातल्या पाण्यातून पोटात जाणारे परजीवी असे उशिरा उगवतात. जिआर्डियाचा त्रास सुरू व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, अमिबाला दोन ते चार. त्यामुळे ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच पितोय, कधी काही झालं नाही’ असं सांगणाऱ्याचं मी फारसं मनावर घेत नाही. त्याला झालेलं असतंही, पण त्याने ते पाण्याशी जोडलेलं नसतं.

पाण्यातल्या परजीवींपैकी सह्याद्रीत भटकणाऱ्याने तीन नावं ध्यानात ठेवावीत: जिआर्डिया, एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि क्रिप्टोस्पोरिडियम. तिघेही एकपेशीय, तिघेही आतड्यात वाढणारे आणि विष्ठेतून बाहेर पडणारे. बाहेर पडताना ते चिवट कवचात शिरतात. या अवस्थेला सिस्ट म्हणतात. थंड, ओलसर जागी ही सिस्ट काही आठवडे, कधी काही महिनेही जिवंत राहते, म्हणजे पाणी गारेगार असणं हे तिच्या पथ्यावरच पडतं. जिआर्डियाच्या अवघ्या दहाएक सिस्ट पोटात गेल्या तरी लागण होऊ शकते. आकार म्हणाल तर जिआर्डियाची सिस्ट आठ ते बारा मायक्रॉन, अमिबाची दहा ते वीस, क्रिप्टोची चार ते सहा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेल्यातलं पाणी उन्हात धरून कितीही निरखलं तरी यातलं काही दिसणार नाही. स्वच्छ दिसणारं पाणी आणि पिण्याजोगं पाणी या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, आणि या लेखातला पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

नदीचं मूळ शोधाच

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. ऋषींचं राहू द्या. पाणी पिणाऱ्याने मात्र मूळ शोधल्याशिवाय बाटली बुडवू नये. हे तिन्ही परजीवी विष्ठेतून येतात, तेव्हा प्रश्न एकच: या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण राहतं, कोण चरतं, कोण शौचाला जातं?

पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा खालून पाहताना आभाळातून थेट उतरल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो घाटमाथ्यावरच्या सड्यावरून वाहत आलेला असतो, आणि त्या सड्यावर गुरं चरतात, धनगरवाडे असतात, हल्ली हॉटेलं आणि फार्महाऊसंही असतात. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस तर उन्हाळाभर साठलेलं शेण, लेंड्या आणि माणसांची घाण धुऊन ओढ्यात आणतात. त्या दिवसांत ओढ्याचं पाणी टाळलेलंच बरं. क्रिप्टोस्पोरिडियमच्या बाबतीत लहान वासरं विशेष धोक्याची, कारण हगवण लागलेल्या वासराच्या शेणातून तो प्रचंड संख्येने बाहेर पडतो.

उन्हाळ्यात अडचण उलटी. एप्रिल-मे महिन्यांत गडावरची टाकी तळाला जातात आणि उरलेल्या पाण्यावर माणसं, वानरं, गुरं, पाखरं सगळ्यांचाच हक्क असतो. अशा वेळी कोणतं टाकं निवडायचं? सिंहगडाचं देवटाकं किंवा राजगडाच्या पद्मावती माचीवरची पाण्याची जागा पिण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. प्रत्येक गडावर गावकऱ्यांचं असं एखादं ठरलेलं टाकं असतं. ते विचारून घ्या. खडकात आत खोदलेलं, खांबांवर तोललेलं, सावलीतलं खांबटाकं उघड्या तळ्यापेक्षा केव्हाही बरं, कारण त्यात गुरं उतरू शकत नाहीत आणि शेवाळही कमी धरतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात पिंडीभोवती जे बर्फासारखं गार पाणी आहे, त्यात उतरून लोक प्रदक्षिणा घालतात. तिथे हात जोडावेत, बाटली भरू नये.

माझ्या पसंतीचा क्रम असा: पायथ्याच्या गावातला चालू हापसा सर्वांत आधी, कारण जमिनीच्या पोटातून वर येताना पाणी बऱ्यापैकी गाळून आलेलं असतं. फक्त हापशाचा ओटा फुटलेला नाही आणि शेजारी शौचालयाचा खड्डा नाही, एवढं पाहावं. त्यानंतर कपारीतून झिरपणारा झरा, आणि तोही जिथे खडकातून बाहेर पडतो तिथेच. मग आच्छादलेलं टाकं. त्यानंतर वस्तीच्या वरचा वाहता ओढा. उघडं तळं शेवटी. हा क्रम फक्त कोणतं पाणी शुद्ध करायला घ्यावं हे ठरवण्यासाठी आहे. हापशाचा अपवाद सोडला तर यातलं काहीही तसंच तोंडाला लावू नये.

फडक्यावर भिस्त नको

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा, असा तो रोग. पायऱ्यांच्या विहिरींतल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यातून तो पसरत असे. हा किडा मिलिमीटरभराचा, त्यामुळे दुहेरी फडक्यातून गाळलं की काम व्हायचं. गावोगावी पाणी गाळून घ्यायला शिकवलं गेलं, पायविहिरी बदलल्या, हापसे आले. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. फार मोठं यश होतं ते. पण त्या यशातून फडक्यावरचा जो विश्वास मागे राहिला, तो जिआर्डियापुढे तोकडा आहे. बांगलादेशात जुनी सुती साडी अनेक पदरी करून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, हे खरं. पण तिथे कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या मोठ्या प्लवकांना चिकटून असतात आणि प्लवकांबरोबर अडकतात. चार-पाच पदरी सुती कापडाची भोकंसुद्धा वीसेक मायक्रॉनची राहतात. दहा मायक्रॉनची सिस्ट त्यातून आरामात निघून जाते.

तरीही फडकं सोबत ठेवाच. गाळ, पानं, अळ्या काढायला ते हवंच, आणि गढूळ पाण्यावर पुढचा कुठलाही उपाय नीट चालत नाही. गढूळपणा जास्त असेल तर तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवून पाणी अर्धा-एक तास स्थिर ठेवावं आणि वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून घ्यावं. निवळीच्या बिया उगाळून घालायची पद्धतही याच कामाची. गाळाबरोबर बऱ्याच सिस्टही खाली बसतात, पण सगळ्या नाही. तेव्हा तुरटी झाली म्हणजे पाणी झालं, असं समजू नये. तांब्याच्या बाटलीचंही तेच. रात्रभरात तांबं काही जिवाणू मारतं. सिस्टच्या कवचापुढे त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

उकळा

इतकी साधनं बाजारात आली तरी मी पहिला क्रमांक उकळण्यालाच देतो. जिवाणू, विषाणू, जिआर्डिया, अमिबा, क्रिप्टो या सगळ्यांवर चालणारा हा एकमेव सोपा उपाय आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की त्यानंतर एक मिनिट. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवायचा जुना सल्ला इंधन वाया घालवतो आणि त्यामुळेच लोक उकळायचा कंटाळा करतात. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून शंका काढली जाते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिथे पाणी ९४-९५ अंशांना उकळतं आणि सिस्टचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागतो. हिमालयात दोन हजार मीटरच्या वर गेलात तर एका मिनिटाऐवजी तीन मिनिटं उकळा, झालं.

अडचण असते ती इंधनाची आणि वेळेची. एक दिवसाच्या ट्रेकला याचं उत्तर सोपं आहे: तीन-चार लिटर पाणी घरून न्या, पाठीला थोडं ओझं होऊ द्या. मुक्कामी ट्रेकला संध्याकाळचं नियोजन करा. पायथ्याच्या गावात जिथे जेवणाची सोय केली असेल तिथल्या मावशींना आधी सांगून ठेवा, की भाकऱ्या झाल्या की चुलीवर एक टोप पाणी ठेवा, आणि त्या सरपणाचे पैसे वेगळे द्या. गरम पाणी रात्रीच स्टीलच्या बाटल्यांत भरलं की सकाळपर्यंत निवतं. थंडीत तीच बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेता येते, हा वरचा फायदा. वर मुक्काम असेल तर छोट्या शेगडीचा गॅस हिशोबात धरा. २३० ग्रॅमच्या डब्यात, वारा अडवला असेल आणि झाकण ठेवलं असेल, तर साधारण पंधरा लिटर पाण्याला उकळी येते. स्वयंपाकाचा गॅस त्यात धरू नका. अभयारण्याच्या हद्दीत लाकडं पेटवू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा बराचसा भाग अभयारण्यात येतो, हे अनेकांच्या गावीही नसतं.

उकळणं खरोखरच शक्य नसेल तर फिल्टर. पोकळ तंतूंचे, हाताने पिळून पाणी काढायचे छोटे फिल्टर आता सहज मिळतात. वेष्टनावर भोकाचा आकार ०.१ किंवा ०.२ मायक्रॉन लिहिलेला असावा. एक मायक्रॉनपर्यंतचा, आणि तो आकडा कमाल मर्यादा म्हणून दिलेला असेल, तर तिन्ही परजीवींना तो अडवतो. विषाणू मात्र यातून जातात. कावीळ पसरवणारे विषाणूही त्यातलेच, म्हणून माणसांच्या वस्तीखालच्या पाण्याला नुसता फिल्टर पुरत नाही; गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकावी. फिल्टरवाल्यांची हमखास चूक बाटल्यांची: ज्या पिशवीत कच्चं पाणी भरलं तिचाच थेंब ओघळून शुद्ध पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर पडतो. कच्च्या पाण्याची पिशवी वेगळी, तिच्यावर लाल चिकटपट्टी, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. आणखी एक. हिमालयात रात्री पारा शून्याखाली जातो, फिल्टरमधलं उरलेलं पाणी गोठतं आणि आतले तंतू फाटतात. बाहेरून काहीच कळत नाही, पाणीही पूर्वीसारखंच येत राहतं. तिथे रात्री फिल्टर पिशवीत गुंडाळून अंगाशी घेऊन झोपा.

गोळ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणू-विषाणूंवर उत्तम, जिआर्डियावर बेताच्या आणि क्रिप्टोवर जवळजवळ निरुपयोगी. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोची साथ आली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. म्हणून गोळ्या राखीव म्हणून ठेवा. वापरायची वेळ आली तर वेष्टन वाचा: एक लिटरची गोळी वेगळी आणि वीस लिटरची वेगळी. गाळलेल्या पाण्यात टाकून निदान अर्धा तास थांबा, पाणी थंड असेल तर तासभर. मध्ये एकदा झाकण सैल करून बाटली उलटी करा, म्हणजे तोंडाच्या आट्यांमधलं कच्चं पाणीही धुतलं जाईल. क्लोरीनचा वास नको म्हणून लिंबू किंवा संत्र्याची पावडर लगेच घालणारे असतात; त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निष्प्रभ करतं. सरबत करायचं तर वेळ पूर्ण झाल्यावर. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या क्रिप्टोवर चालतात, पण त्यांना चार तास द्यावे लागतात. तेवढी कळ काढणारा ट्रेकर मी क्वचितच पाहिला आहे.

चोरवाटा

बाटलीतलं पाणी काटेकोरपणे शुद्ध करणारी माणसं वाटेवरच्या झोपडीत बसून लिंबू सरबताचे दोन पेले रिचवतात. ते पाणी कुठलं? ताक, कोकम सरबत, बर्फ, मिठाच्या पाण्यातून काढलेल्या काकडीच्या फोडी, सगळ्यांचा उगम त्याच टाक्यात. विक्रेत्याचा यात दोष नाही. तो स्वतः तेच पाणी पितो. आपण आपल्या बाटलीतलं पाणी द्यावं आणि त्यात लिंबू पिळून घ्यावं, पैसे पूर्ण द्यावेत. उकळलेला चहा केव्हाही चांगला. पिठलं-भाकरीचीही काळजी नको. धुऊन कापलेला कांदा मात्र विचार करून खावा.

दात घासताना, चूळ भरताना, ताटं विसळताना वापरलेलं पाणीही हिशोबात धरा. ओली ताटं तशीच वाढायला घेऊ नका, उन्हात कोरडी होऊ द्या, कारण सिस्ट सुकल्या की मरतात. जेवणाआधी हातांना साबण लावा. सॅनिटायझरवर भागवणाऱ्यांसाठी वाईट बातमी ही, की अल्कोहोलचा क्रिप्टोवर परिणाम होत नाही. साबण त्याला मारत नाही, हातावरून धुऊन काढतो, आणि तेवढं पुरतं. पावसाळी रात्री ओढ्यात पकडलेले खेकडे भाजून खायची हौस असेल तर ते आतपर्यंत पूर्ण शिजू द्या. मणिपूर, नागालँड, अरुणाचलात कच्च्या-अर्धकच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात जाणारा चपटा कृमी आढळतो आणि त्याचा खोकला क्षयाचा समजून भलतेच उपचार होत राहतात.

पिण्यापलीकडचा धोका थोडक्यात. कोमट, साचलेल्या पाण्यात डुंबताना नाकात पाणी गेलं तर नेग्लेरिया नावाचा अमिबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. केरळात अलीकडच्या वर्षांत अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर बहुधा जीवघेणा. डबक्यात सूर मारू नये, नाक बुडवू नये. लेप्टोस्पायरा हा परजीवी नव्हे, जिवाणू. पण पायाला जखम असताना भातखाचरातून, चिखलातून चालणाऱ्या कोकणातल्या भटक्यांनी त्याचं नाव विसरू नये. आणि एक जुनी नोंद. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली लघवीतून रक्त जाण्याचा शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा आजार आढळला होता. गोगलगायीतून पाण्यात उतरणारा आणि नुसत्या त्वचेतून शरीरात शिरणारा हा कृमी भारतात ठाण मांडून सापडला तो तिथेच. आता तिथे घाबरण्यासारखं काही नाही. आफ्रिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या आणि तिथल्या तळ्यांत पोहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हे गांभीर्याने घ्यावं.

पोट बिघडलंच तर

ट्रेकहून परतल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब झाले तर ते बहुधा खाण्यातून. आठवड्या-दोन आठवड्यांनी पोट फुगलं, घाण वासाचे ढेकर यायला लागले, शौचाला तेलकट, तरंगणारं, दुर्गंधीयुक्त होऊ लागलं आणि वजन उतरलं, तर जिआर्डियाची शंका घ्यावी. आव आणि रक्त पडू लागलं तर अमिबाची. त्यात ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं आलं तर यकृतात गळू असू शकतं; ते कधी महिन्यांनीही उद्भवतं, आणि तेव्हा वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की अमुक दिवशी अमुक ठिकाणचं पाणी प्यायलो होतो. ते विचारतीलच असं नाही. शौचाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा द्या, कारण सिस्ट रोज पडत नाहीत आणि एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही. आपल्याकडे ‘अमिबायसिस झालाय’ हे निदान घरीच होतं आणि मेट्रोनिडाझोलची पट्टी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय येते. हे बंद व्हायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसणारा एक निरुपद्रवी अमिबाही आहे. खऱ्या अमिबाला त्या गोळ्यांनंतर आतड्यातल्या सिस्ट मारणारं दुसरं औषधही लागतं, नाहीतर त्रास थांबतो आणि माणूस इतरांना लागण करत फिरतो. बरं झाल्यावर काही आठवडे दूध पचत नाही, तो जिआर्डियाचा मागे राहिलेला परिणाम असतो, दही-ताकावर राहावं. जुलाब चालू असेपर्यंत शरीराला पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नका. लहान मुलं, गरोदर बाया, केमोथेरपी घेणारे, प्रतिकारशक्ती कमी झालेले यांनी रानात फक्त उकळलेलं पाणीच प्यावं, कारण क्रिप्टो त्यांच्यात महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि त्यावर हमखास औषध नाही.

राहिली गोष्ट आपल्या स्वतःच्या शौचाची. शनिवार-रविवारी गडांवर जी गर्दी लोटते ती पाहता टाकी खराब करण्यात आता गुरांपेक्षा आपलाच वाटा मोठा ठरेल अशी भीती वाटते. पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जा, उताराच्या त्या अंगाला जिथून ओघळ टाक्याकडे येणार नाही. वीतभर खोल खड्डा खणा आणि मातीने बुजवा. ओले टिश्यू पिशवीत घालून खाली आणा. टाक्याच्या काठावर भांडी घासू नका, त्यात पाय बुडवू नका. पाणी काढून घ्या आणि लांब जाऊन वापरा. ट्रेक आयोजित करणाऱ्या मंडळांनी नोंदणीच्या सूचनांत टॉर्च आणि बूट यांच्या जोडीला एक ओळ घालावी: पिण्याचं पाणी कुठून घेणार आणि कसं शुद्ध करणार. ती ओळ दिसली नाही तर पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा.